रमबाम की मायमोनिडीज? ज्यू शाळांची नावं कोण कशी वाचतं

बाराव्या शतकात स्पेनमधल्या कोर्दोबा शहरात जन्मलेला एक ज्यू पंडित पुढे इजिप्तमध्ये दरबारी वैद्य झाला. त्याने केलेली ज्यू धर्मशास्त्राची मांडणी आजही अभ्यासली जाते आणि तत्त्वज्ञानाच्या इतिहासातही त्याला मानाचं पान आहे. बाहेरचं जग त्याला मायमोनिडीज म्हणतं. ज्यू घरांत आणि पाठशाळांत मात्र तो 'रमबाम' असतो. रब्बी मोशे बेन मैमोन या नावाच्या आद्याक्षरांनी बनलेलं ते नाव. रब्बी म्हणजे ज्यू धर्मगुरू.

अमेरिकेत या एकाच माणसाच्या नावाने दोन वेगवेगळ्या शाळा चालतात. बॉस्टनला लागून असलेल्या ब्रुकलाइनमध्ये 'मायमोनिडीज स्कूल' आहे, रब्बी जोसेफ सोलोव्हेचिक यांनी 1937 मध्ये काढलेलं. न्यू यॉर्कजवळ लाँग आयलंडवर 'रमबाम मेसिव्हता' आहे, फक्त मुलग्यांसाठी. दोन्ही शाळा ऑर्थोडॉक्स, म्हणजे धर्मनियम काटेकोरपणे पाळणाऱ्यांच्या. पण नुसती पाटी वाचून मुलाचं नाव घालायचं ठरवा म्हटलं, तर बहुतेक पालक दोन्हींबद्दल वेगळी कल्पना करतील. मायमोनिडीज म्हटलं की प्रयोगशाळा, वादविवाद स्पर्धा, हार्वर्डला गेलेली मुलं डोळ्यांसमोर येतात. रमबाम मेसिव्हता म्हटलं की तालमूदची, म्हणजे ज्यू धर्मनियमांवरच्या जुन्या चर्चांच्या ग्रंथाची, जाड पोथी आणि तिच्यावर वाकलेली मुलं.

या कल्पना कितपत खऱ्या? थोड्या खऱ्या, थोड्या नाही. मायमोनिडीजमध्ये तालमूद कसून शिकवतात आणि तो मुलींनाही शिकवतात. मुलींना मुलांच्या बरोबरीने तालमूद शिकवणं ही 1937 च्या ऑर्थोडॉक्स जगात धाडसाची गोष्ट होती, आणि ती पाटीवरून कुणालाच कळली नसती. तिकडे रमबाममधली मुलंही विज्ञान, गणित शिकून कॉलेजला जातात.

तर प्रश्न असा: ज्यू शाळेचं नाव तिच्याकडे बघण्याची नजर घडवतं का? माझं उत्तर आधीच सांगून टाकतो. घडवतं, पण आपण समजतो त्या लोकांची नाही. बाहेरच्या माणसाला नावातलं फारसं काही कळतच नाही. त्याला 'ज्यू' हा शब्द दिसला तर दिसला. नावाचा खरा परिणाम होतो तो समाजाच्या आतल्या माणसांवर, आणि तो चांगलाच होतो. हे का, ते समजायला आधी ज्यू शाळांचं जग थोडं उलगडायला हवं.

आपल्याकडे ज्यू म्हटलं की एकसंध समाज डोळ्यांपुढे येतो. अमेरिकेत तसं अजिबात नाही. एका टोकाला हरेदी, म्हणजे कडवे परंपरानिष्ठ. मग मॉडर्न ऑर्थोडॉक्स, जे शनिवारी, म्हणजे धर्माने सांगितलेल्या विश्रांतीच्या दिवशी, गाडी चालवत नाहीत पण सोमवारी बँकेत किंवा इस्पितळात कामाला जातात. त्यापलीकडे कॉन्झर्व्हेटिव्ह. हे नाव फसवं आहे, कारण हा पंथ प्रत्यक्षात मधल्या वाटेचा आहे. त्यापुढे रिफॉर्म, परंपरा बरीच सैल केलेले. शिवाय धर्म न मानणारे पण स्वतःला ज्यूच म्हणवणारे असंख्य. हे सगळे एकाच उपनगरात राहतात, एकाच बेकरीतून शुक्रवारी वेणीचा पाव घेतात आणि मुलांना वेगवेगळ्या शाळांत घालतात.

त्यातही शाळा दोन तऱ्हेच्या. एक पूर्णवेळ शाळा. तिला तिकडे 'डे स्कूल' म्हणतात. गणित, इतिहास, हिब्रू, तोरा म्हणजे ज्यूंचा मूळ धर्मग्रंथ, सगळं एकाच छपराखाली. दुसरी 'हिब्रू स्कूल', म्हणजे सरकारी शाळा सुटल्यावर किंवा रविवारी सिनेगॉगमध्ये, म्हणजे ज्यू प्रार्थनास्थळात, भरणारे धर्माचे वर्ग. अमेरिकन ज्यूंच्या कित्येक पिढ्यांनी हे वर्ग खिडकीबाहेर बघत काढले आहेत आणि त्यावरचे विनोद त्यांच्या हास्यसंस्कृतीचा एक खांब आहेत. म्हणून एखादी पूर्णवेळ, चांगली, महागडी शाळा स्वतःला 'हिब्रू अकॅडमी' म्हणवते तेव्हा त्या 'हिब्रू' शब्दासोबत तो जुना कंटाळाही थोडा चिकटून येतो.

'येशिव्हा' म्हटलं की ऑर्थोडॉक्स, धर्मग्रंथांचा भर. 'मेसिव्हता' म्हटलं की तेच, पण वयाने मोठ्या मुलग्यांसाठी. 'हेदर' म्हटलं की अगदी लहान मुलांचा, जुन्या वळणाचा वर्ग. 'ज्यूइश कम्युनिटी डे स्कूल' यातला वजनदार शब्द 'कम्युनिटी'. त्याचा अर्थ, आम्ही कुठल्याच एका पंथाचे नाही, या सगळे. हा शब्द परक्या माणसाला निरर्थक वाटेल. एखाद्या घटस्फोटित, शनिवार न पाळणाऱ्या, किंवा ज्यू नसलेल्या बाईशी लग्न केलेल्या बापाला मात्र तो एक शब्द सांगतो की इथे दारात तुमची उलटतपासणी होणार नाही.

याहून बारीक खूण आहे उच्चाराची. हिब्रूत 'घर' याअर्थी एक शब्द आहे आणि तो निम्म्या ज्यू संस्थांच्या नावात असतो. त्याच्या शेवटच्या अक्षराचा उच्चार आधुनिक इस्रायली हिब्रूत 'त' असा होतो. पूर्व युरोपातल्या ज्यूंच्या जुन्या उच्चारात तो 'स' होतो. जुन्या इंग्रजी लिखाणात तो 'थ' असा लिहीत. म्हणून एकच शब्द 'बेत', 'बाइस' आणि 'बेथ' असा तीन रूपांत दिसतो. आतला माणूस ते रूप वाचूनच ओळखतो की इथे मुली गुडघ्याखाली येणारे स्कर्ट घालतील की जीन्स, शनिवारच्या सुट्टीला 'शब्बोस' म्हणतील की 'शबात', आणि इस्रायलचा स्वातंत्र्यदिन साजरा होईल की नाही. अपवाद असतात, पण पहिला अंदाज सहसा चुकत नाही.

या 'बाइस'चं सगळ्यात मोठं उदाहरण म्हणजे 'बाइस याकोव्ह'. 1917 मध्ये पोलंडमधल्या क्राकाव्ह शहरात सारा शेनिरर या शिवणकाम करणाऱ्या बाईने मुलींसाठी धार्मिक शिक्षणाची शाळा सुरू केली. त्या काळी ऑर्थोडॉक्स घरांत मुलगे पाठशाळेत जात आणि मुली पोलिश शाळांत. मग त्याच मुली परंपरेपासून दूर गेल्या की वडीलधारे हळहळत. सारा शेनिररने यावर उपाय काढला खरा, पण मुलींना धर्मग्रंथ शिकवणं ही नवीच गोष्ट होती आणि नवी गोष्ट त्या समाजात सहजासहजी चालत नसे. अशा वेळी नाव उपयोगी पडलं. 'याकोबाचं घराणं' हे शब्द बायबलमधल्या निर्गमच्या एकोणिसाव्या अध्यायात येतात, सिनाय पर्वतापाशी. जुन्या भाष्यकारांनी त्यांचा अर्थ 'स्त्रिया' असा लावला आहे. म्हणजे देवाने मोशेला सांगितलं, आधी बायकांशी बोल. नवी कल्पना जुन्या वचनाचा पदर घेऊन आली आणि घरात घेतली गेली. आज जगभर याच नावाच्या असंख्य मुलींच्या शाळा आहेत. त्या सगळ्या एका मालकाच्या नाहीत आणि कित्येकींचं एकमेकींशी काही देणंघेणंही नाही. तरी ब्रुकलिनमधली आई जेरुसलेमला राहायला गेली की पहिल्यांदा हेच नाव शोधते. नाव इथे हमीपत्राचं काम करतं. माझ्या मते ज्यू शाळांच्या इतिहासातला हा नावाचा सगळ्यात यशस्वी वापर.

आता लंडन. तिथली 'ज्यूज फ्री स्कूल' 1732 पासूनची. नावात दोन्ही गोष्टी उघड: ज्यूंची आणि फुकट. गरीब ज्यू मुलांसाठीची ती धर्मादाय शाळा होती. एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी रशियन साम्राज्यातून पळून आलेली ज्यू कुटुंबं लंडनच्या ईस्ट एंडमध्ये भरली, तेव्हा यिडिश, म्हणजे पूर्व युरोपातल्या ज्यूंची बोली, बोलणाऱ्या पोरांना इंग्रज बनवण्याचं काम तिने केलं. 1900 च्या आसपास तिथे सुमारे चार हजार मुलं होती. एवढी मोठी शाळा जगात क्वचितच असेल. पुढे दुसऱ्या महायुद्धात इमारत बॉम्बहल्ल्यात गेली. 1958 मध्ये कॅम्डनला शाळा पुन्हा उभी राहिली आणि 2002 मध्ये उत्तर लंडनच्या केंटन भागात गेली. आज तिचं नाव फक्त 'जे.एफ.एस.' आहे. गरिबांची, फुकट, हे शब्द आद्याक्षरांत विरघळून गेले. आता तिथे प्रवेशासाठी मध्यमवर्गीय आईबापांची रांग लागते.

आणि त्या रांगेतूनच 2009 चा खटला उभा राहिला. एका मुलाचे वडील जन्माने ज्यू होते. आईने ज्यू धर्म स्वीकारला होता, पण ऑर्थोडॉक्स पद्धतीने नव्हे. शाळेचे धर्मगुरू ऑर्थोडॉक्स. त्यांच्या हिशेबाने ज्यूपण आईकडून येतं आणि या आईचं धर्मांतर ग्राह्य नाही, म्हणून मुलगा ज्यू नाही, म्हणून प्रवेश नाही. प्रकरण ब्रिटनच्या सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेलं. न्यायाधीशांत पाचास चार अशी फूट पडली आणि निकाल लागला की आईकडून येणाऱ्या वंशावर प्रवेश ठरवणं हा वांशिक भेदभाव आहे. शाळेला निकष बदलावे लागले. या निकालावर ब्रिटिश ज्यूंमध्ये बरंच रण माजलं, कारण ज्यू कोण हे न्यायालय ठरवणार का, हा प्रश्न कुणालाच सोपा नव्हता. आपल्या विषयापुरती गोष्ट एवढीच की नावातलं 'ज्यू' बाहेरच्याला एक अर्थ सांगत होतं आणि आतल्यांना दुसरा. बाहेरच्याला वाटणार, ज्यूंची शाळा आहे, मुलगा ज्यू आहे, मग अडचण काय? आतल्यांना माहीत होतं की पाटीवर न लिहिलेला एक शब्द त्यात आहे: ऑर्थोडॉक्स.

पुढच्याच वर्षी, 2010 मध्ये, त्याच शहरात 'ज्यूइश कम्युनिटी सेकंडरी स्कूल' उघडली, सगळ्या पंथांच्या मुलांसाठी. त्या नावातल्या 'कम्युनिटी'चं वजन आता कळेल.

माणसांची नावं दिलेल्या शाळांकडे वळू. 2007 मध्ये अमेरिकेतल्या सरकारी शाळांच्या नावांचा एक अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यात दिसलं की फ्लोरिडात जॉर्ज वॉशिंग्टनच्या नावाच्या पाच शाळा आहेत आणि मॅनेटी या गलेलठ्ठ समुद्री प्राण्याच्या नावाच्या अकरा. माणसाचं नाव द्यायचं म्हणजे कुणाला तरी आदर्श मानायचं, आणि त्यावर भांडण आलंच. प्राण्यावरून कोण भांडतं? ज्यू शाळांनी मात्र माणसांची नावं सोडली नाहीत. मॅनहॅटनची 'हेशेल स्कूल' 1983 ची, अब्राहम जोशुआ हेशेल या रब्बींच्या नावाची. हे गृहस्थ 1965 मध्ये सेल्मा इथल्या, कृष्णवर्णीयांच्या मतदानहक्कासाठीच्या मोर्चात मार्टिन ल्यूथर किंगबरोबर पहिल्या रांगेत चालले होते. ते नाव वाचलं की पंथ नाही, पण राजकीय कल बऱ्यापैकी कळतो. दक्षिण आफ्रिकेत केपटाउनला 'हर्झलिया' आहे, झायोनिझमचे, म्हणजे ज्यूंच्या स्वतंत्र राष्ट्राच्या चळवळीचे प्रणेते थिओडोर हर्झल यांच्या नावाची. तो तर खांद्यावर मिरवलेला झेंडाच.

कॉन्झर्व्हेटिव्ह पंथाने 1950 च्या दशकापासून काढलेल्या शाळांना 'सॉलोमन शेक्टर' हे नाव दिलं. शेक्टर म्हणजे केंब्रिजचे ते विद्वान, ज्यांनी 1896-97 मध्ये कैरोच्या जुन्या सिनेगॉगमधल्या कोठीतून मध्ययुगीन कागदपत्रांचा प्रचंड साठा बाहेर काढला. नंतर ते न्यू यॉर्कला जाऊन पंथाच्या मुख्य धर्मविद्यालयाचे प्रमुख झाले. नाव विद्वत्तेचं, जरा धूळ बसलेलं, पण आतल्यांना पंथ चटकन सांगणारं. आणि नेमकं तेच पुढे अडचणीचं ठरलं. कॉन्झर्व्हेटिव्ह पंथाची माणसं घटत गेली. शाळेला आता रिफॉर्म पालकही हवे होते, ऑर्थोडॉक्सही चालणार होते. 'शेक्टर' म्हटलं की ती मंडळी म्हणत, हे आमच्यासाठी नाही. मग नावं बदलू लागली. न्यू यॉर्कच्या उत्तरेला वेस्टचेस्टरमधली शेक्टर शाळा 2019 मध्ये 'लेफेल स्कूल' झाली. न्यू जर्सीतल्या वेस्ट ऑरेंजची शाळा 'गोल्डा ओक अकॅडमी' झाली, शाळेच्या एका संस्थापिकेच्या नावाने.

नव्या नावांत पंथ नाही, काहींत 'ज्यू' हा शब्दही नाही. शाळेचे लोक म्हणणार, यामुळे दार मोठं झालं. झालंही असेल. पण यात पैशाचा भाग आहे, तो लपवण्यात अर्थ नाही. या शाळांना सरकारी अनुदान जवळपास नसतं, फी सर्वसामान्यांच्या आवाक्याबाहेर असते आणि मोठ्या देणगीबरोबर पाटी जाणं हा तिथला रिवाज आहे. फिलाडेल्फियात 1946 पासून 'अकिबा हिब्रू अकॅडमी' होती. रब्बी अकिवा म्हणजे चाळिशीत मुळाक्षरं गिरवायला बसलेला आणि पुढे रोमन सत्तेने हालहाल करून मारलेला पंडित. शिकणाऱ्या मुलांसाठी याहून चांगलं नाव शोधून सापडणार नाही. 2007 मध्ये एका कुटुंबाच्या मोठ्या देणगीनंतर ती 'जॅक एम. बॅरॅक हिब्रू अकॅडमी' झाली. अनेक माजी विद्यार्थ्यांना ते आवडलं नाही आणि त्यांनी ते बोलून दाखवलं. मला त्यांची बाजू पटते. पंडिताच्या नावातून मुलांना सांगण्यासारखी एक गोष्ट मिळते, देणगीदाराच्या नावातून पावती. अर्थात पैसे नसते तर पाटी लावायला भिंत उरली नसती, हे शाळेचं उत्तरही खोटं नाही.

इथवरच्या सगळ्या उदाहरणांत नजर आतल्यांची होती. बाहेरच्यांची नजर कशी चालते, ते फ्लोरिडातल्या 'बेन गमला' शाळेने दाखवलं. तालमूदमधली कथा अशी की जेरुसलेमच्या दुसऱ्या मंदिराच्या काळातला धर्मगुरू यहोशुआ बेन गमला याने गावोगावी शिक्षक नेमले आणि सहा-सात वर्षांच्या मुलांना शाळेत बसवण्याची सोय केली. त्याच्या नावाने 2007 मध्ये हॉलिवूड या फ्लोरिडातल्या गावात शाळा सुरू झाली. पण ही खाजगी ज्यू शाळा नव्हती. ती होती चार्टर शाळा, म्हणजे पैसा सरकारचा, कारभार स्वतंत्र मंडळाचा. अमेरिकेत अशा सरकारी शाळांत धर्म शिकवता येत नाही. शाळेचं म्हणणं होतं, आम्ही हिब्रू भाषा शिकवतो, धर्म नाही. टीकाकारांचं म्हणणं होतं, धर्मगुरूचं नाव, कोशर म्हणजे धर्मनियमांप्रमाणे केलेलं जेवण आणि हिब्रू, मग राहिलं काय? स्थानिक शिक्षण मंडळाने अभ्यासक्रम तपासेपर्यंत हिब्रूचे तास काही दिवस थांबवले आणि मग परवानगी दिली. दोन वर्षांनी ब्रुकलिनमध्ये तशीच शाळा निघाली तेव्हा तिचं नाव होतं 'हिब्रू लँग्वेज अकॅडमी'. कोणी पूर्वज नाही, कोणी रब्बी नाही. नुसती भाषा.

नाव निवडल्याने संशय टळतोच असं मात्र नाही. 2007 मध्येच ब्रुकलिनला अरबी शिकवणारी सरकारी शाळा निघाली. तिला नाव दिलं खलील जिब्रानचं, जो जन्माने ख्रिस्ती, अमेरिकेत राहिलेला आणि जगभर वाचला गेलेला कवी. याहून निरुपद्रवी नाव ते कोणतं? तरी तिच्यावर कट्टरपणाचे आरोप झाले आणि शाळा उघडण्याआधीच मुख्याध्यापिकेला पद सोडावं लागलं. ज्याला भीतीच घ्यायची आहे त्याला पाटीवर काय लिहिलंय याने फरक पडत नाही.

युरोपात या भीतीची दुसरी बाजू आहे. 19 मार्च 2012 रोजी फ्रान्समधल्या तुलूझ शहरात 'ओझार हातोरा' या ज्यू शाळेच्या दारात एका बंदूकधाऱ्याने एक शिक्षक आणि तीन मुलांना ठार मारलं. शाळा नंतर 'ओर तोरा' या नावाने चालू राहिली. 2023 च्या ऑक्टोबरमध्ये हमासचा हल्ला आणि गाझातलं युद्ध सुरू झालं, तेव्हा लंडनमधल्या काही ज्यू शाळा एखाद-दुसरा दिवस बंद राहिल्या. शाळेचं चिन्ह असलेला ब्लेझर रस्त्यात घालायची सक्ती नाही, असंही काही मुलांना सांगितलं गेलं. नाव आकर्षक आहे की नाही, ही चर्चा अशा वेळी चैनीची वाटू लागते.

नाव सौम्य करण्याची धडपड तशी जुनीच. 1804 मध्ये फ्रँकफुर्टच्या ज्यूंनी शाळा काढली आणि तिला नाव दिलं 'फिलान्थ्रोपिन', ग्रीकवरून, मानवप्रेमाचं. ज्ञानोदयाचा काळ होता. जर्मन शेजाऱ्यांना दाखवायचं होतं की आम्हीही तुमच्यासारखे सुसंस्कृत नागरिक. त्या नावाने नाझींना थांबवलं नाही. 1942 मध्ये शाळा बंद पडली. फ्रान्समध्ये 1860 साली स्थापन झालेल्या आणि मोरोक्कोपासून बगदादपर्यंत शेकडो शाळा चालवणाऱ्या संस्थेने नाव घेतलं 'अलियान्स इझ्राएलीत युनिव्हर्सेल'. 'ज्यू' ऐवजी 'इस्राएली', म्हणजे बायबलमधल्या इस्राएलचे वंशज, कारण 'ज्यू' या शब्दाला शतकांच्या शिव्याशापांचा वास होता.

आणि इथे हा धागा सरळ मुंबईत येतो. कोकणातल्या बेने इस्रायल समाजात, म्हणजे शनिवारी घाणा बंद ठेवणाऱ्या आपल्या शनिवार तेल्यांत, रोहेकर, पेणकर, दिवेकर, केहीमकर अशी आडनावं. घरात मराठी. ही मंडळीही स्वतःला 'यहुदी' म्हणवून घ्यायला नाखूष असत आणि 'बेने इस्रायल' हेच नाव लावत. मुसलमान शेजाऱ्यांत 'यहुदी' हा शब्द हेटाळणीचा आणि 'बेने इस्रायल' कुराणातला, मानाचा, असं त्याचं कारण सांगितलं जातं. एकोणिसाव्या शतकात त्यांची मुलं शिकली ती मिशनऱ्यांच्या शाळांत. मराठीतून हिब्रूचं व्याकरण त्यांना मिळालं तेही जॉन विल्सन या स्कॉटिश पाद्र्याकडून, 1832 मध्ये. समाजाची स्वतःची शाळा हवी म्हणून हाईम सॅम्युएल केहीमकर आणि त्यांच्या भावांनी 1875 मध्ये मुंबईत शाळा काढली. नाव ठेवलं 'इझ्रेलाइट स्कूल'.

हे नाव वाचताना मला पाच वर्षांनी पुण्यात निघालेली 'न्यू इंग्लिश स्कूल' आठवते. चिपळूणकर, टिळक, आगरकरांसारखी माणसं आणि पाटीवर 'इंग्लिश'. नाव वाचून राष्ट्रीय शिक्षण कोणाला सुचलं असतं? केहीमकरांच्या पाटीवर समाज होता, इंग्रजी शिक्षण आत होतं. पुण्यातल्या पाटीवर इंग्रजी होतं आणि राष्ट्र आत.

इझ्रेलाइट स्कूल पुढे 'सर एली कदूरी हायस्कूल' झालं. कदूरी बगदादचे ज्यू. हाँगकाँग आणि शांघायमध्ये श्रीमंत झालेले, देणगीला हात सैल. माझगावला ही शाळा आजही आहे. 1948 नंतर बेने इस्रायल कुटुंबं मोठ्या संख्येने इस्रायलला गेली आणि वर्ग भरले ते आसपासच्या वस्तीतल्या इतर मुलांनी. भायखळ्याला मागेन डेव्हिड सिनेगॉगच्या आवारातल्या ससून घराण्याच्या नावाच्या शाळांचंही तेच. आता विचारा त्या मुलांच्या आईबापांना, कदूरी कोण, ससून कोण? बहुतेकांना कोणी जुना शेठ, एवढंच माहीत असतं. पुण्यात तर ससून म्हणजे इस्पितळ, आणि मुंबईत ससून डॉक म्हणजे मासळी. ओहेल डेव्हिड सिनेगॉगला पुणेकरांनी कधीच 'लाल देऊळ' करून टाकलं आहे. देणगीदाराचं नाव ज्यू राहत नाही, ते पत्ता होतं.

कोलकात्यात मात्र नाव बदललंच नाही. 1881 ची 'ज्यूइश गर्ल्स स्कूल' पार्क स्ट्रीटवर त्याच नावाने चालते. शहरातले ज्यू आता बोटांवर मोजण्याइतके उरले आहेत आणि शाळेत बहुसंख्य मुली मुसलमान आहेत. नावात 'ज्यू' इतकं उघड असूनही त्या आईबापांनी मुली तिथेच घातल्या, कारण शाळा चांगली, इंग्रजी माध्यमाची आणि फक्त मुलींची. इंग्लंडात बर्मिंगहॅमच्या 'किंग डेव्हिड' या ज्यू प्राथमिक शाळेतही निम्म्याहून अधिक मुलं मुसलमान घरांतली असतात. तिथे मुलं हिब्रू शिकतात आणि ज्यू सणही साजरे करतात. डेव्हिड राजा मुसलमानांचाही दाऊद पैगंबर असल्याने नाव मदतीला आलं असेलही, पण कोलकात्याच्या पाटीवर तर तीही सोय नव्हती. जवळ राहणाऱ्याला शाळा रोज दिसते. निकाल दिसतात, बाई कशा आहेत ते शेजारीण सांगते. मग नावाला करण्यासारखं काही उरत नाही. नावाचं राज्य चालतं ते शाळा अजून न पाहिलेल्यांवर.

एली कदूरींचे भाऊ एलिस 1922 मध्ये वारले. पॅलेस्टाइन किंवा इराकमध्ये शाळा काढण्यासाठी त्यांनी ब्रिटिश सरकारकडे एक लाख पौंड ठेवले. कोणाची शाळा, यावर वाद झाला आणि सरकारने पैसे वाटून दोन शेतकी शाळा काढल्या. 1930 मध्ये तुलकर्मला अरबांसाठी आणि 1933 मध्ये ताबोर डोंगराच्या पायथ्याशी ज्यूंसाठी. नाव दोन्हींना कदूरी. ताबोरच्या शाळेत पुढे इस्रायलचे पंतप्रधान झालेले यित्झाक रबीन शिकले. तुलकर्मची शाळा वाढत वाढत आता पॅलेस्टाइनचं सरकारी तंत्रविद्यापीठ झाली आहे. बगदादी ज्यू व्यापाऱ्याचं ते नाव विद्यापीठाच्या अधिकृत नावात अजून आहे आणि गावात लोक त्याला अरबी वळणाने 'खदूरी' म्हणतात.